सगळ्यांचा श्वास वीस

आमच्या नर्सिंग स्कूलला तेव्हा स्वतःचं होस्टेल नव्हतं. मस्तगड या जुन्या वस्तीतल्या एका मारवाडी कापड व्यापाऱ्याच्या घराचा वरचा मजला संस्थेनं भाड्यानं घेतला होता आणि तिथं तीन खोल्यांत आम्ही चौदाजणी राहायचो. खाली घरमालक: शेटजी, त्यांची बायको, जिला आम्ही भाभी म्हणायचो, आणि शेटजींची आई. आईंना सगळी गल्ली मांजी म्हणायची, म्हणून आम्हीही मांजीच म्हणू लागलो. मी राजूरजवळच्या खेड्यातली, शेतकऱ्याची मुलगी. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मला पत्र्याच्या ट्रंकेसकट एसटीतून आणून सोडलं तेव्हा मांजी जिन्याखाली पाटावर बसून मूग निवडत होत्या. त्यांनी आधी माझ्या तोंडाकडे नाही, पायांकडे पाहिलं. म्हणाल्या, "दवाखान्यातून आली की सीधं वर जायचं न्हाई. मागं नळ आहे. पाँव धोके, हाथ धोके, मंग ऊपर." मी तोवर दवाखाना आतून पाहिलाही नव्हता. दादा मात्र लगेच म्हणाले, "बराबर हाय माय तुमचं." या शिक्षणातली तेवढी एकच गोष्ट त्यांना मनापासून पटली असावी. गावात भावकी विचारत होती, लोकाची घाण काढायला पोरगी कशाला धाडून राह्यला? दादा म्हणायचे, नोकरी लागती.

मांजींचं बोलणं हा त्या घराचा मुख्य आवाज होता. पहाटे पितळी भांडी वाजायची, मागच्या नळाची तोटी कुरकुरायची आणि मग जे बोलणं सुरू व्हायचं ते माळ हातात घेईपर्यंत थांबायचं नाही. दूधवाल्याशी, दारातल्या गाईशी, भाभीशी, आमच्याशी, आणि समोर कुणीच नसलं तर डब्यांशी. अर्धं मारवाडी, अर्धं आपल्याकडचं मराठी. घर जैनांचं, त्यामुळं वरसुद्धा कांदा-लसूण आणायला बंदी होती. आम्ही रविवारी खिडकी लावून भाकरीबरोबर कांदा फोडायचो, आणि पाच मिनिटांत खालून हाक यायची, "कोण गं ती? नाक आहे मला अजून." दिवस मावळायच्या आत त्या जेवायच्या. भाभी साडेपाचलाच चूल आवरती घ्यायची. आम्ही ड्यूटीवरून परतायचो तेव्हा जिन्यात हिंगाचा आणि भाजलेल्या मुगाच्या पापडाचा वास कोंडलेला असायचा, आणि कधीकधी मांजी जिन्यावर थांबवून हातावर एक पापड ठेवायच्या. हात धुतल्याची खात्री करूनच. मला त्या आवडत होत्या असं म्हणवत नाही. त्या होत्या, बस. घरात भिंत असते तशा होत्या.

शाळेत आम्हाला गायकवाड मॅडम शिकवायच्या. नगरकडच्या, पांढरी साडी, केसांचा घट्ट अंबाडा, आणि हसणं मोजून मापून. जुन्या सिस्टर लोकांनी नर्सिंग शिकवलं ते हातांनी: चादरीचा कोपरा असा, बेडपॅन असं, सुई अशी. मॅडम म्हणायच्या, हे सगळं आलंच पाहिजे, पण एवढंच आलं तर तुम्ही डॉक्टरच्या हाताखालच्या बाया. नर्सिंग ही वेगळी विद्या आहे. पेशंटला काय झालंय ते डॉक्टर बघेल, पेशंटला काय जमत नाहीये ते तू बघ. त्यांनी आम्हाला केअर प्लॅन लिहायला शिकवलं. वहीचं पान आडवं धरायचं आणि पाच रकाने आखायचे: माहिती, गरज, काय करायचं, का करायचं, आणि शेवटी काय झालं. माणसाच्या गरजांची यादी आम्ही पाढ्यासारखी पाठ केली होती. पहिली गरज श्वास. मग अन्न, पाणी, झोप, स्वच्छता, मग शेवटी धर्म, करमणूक वगैरे. वॉर्डातल्या जुन्या सिस्टर या वह्या पाहून हसायच्या. मला मात्र त्या रकान्यांचं वेड लागलं. अक्षर चांगलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा कुणी मला लिहायला सांगत होतं, पाहायला सांगत होतं.

आणि वॉर्डात काय चालायचं ते आता सांगते. मी पुढं तीस वर्षं शिकवलं, तरी वर्गात कधी सांगितलं नाही. दिवसातून चारदा प्रत्येक पेशंटचं तापमान, नाडी आणि श्वास तक्त्यावर लिहायचे असतात. तापमान आम्ही खरंच घ्यायचो, कारण थर्मामीटर पाहून डॉक्टर विचारायचे. नाडी बहुतेक वेळा मोजायचो. श्वास कुणीच मोजत नव्हतं. सीनियर मुलींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं, "श्वास वीस लिही. सगळ्यांचा वीस." मिनिटाला वीस म्हणजे धडधाकट माणसाचा आकडा. बत्तीस खाटा, अर्धा तास, त्यात प्रत्येकाचं एक मिनिट छातीकडे बघत बसलं तर औषधं कधी द्यायची? आणि यात एक सोयीची गोष्ट होती. श्वास मोजतोय हे पेशंटला कळलं तर तो वेगळाच श्वास घेऊ लागतो, म्हणून पुस्तकातच लिहिलेलं आहे की नाडी मोजून झाली तरी मनगट सोडायचं नाही, घड्याळाकडे बघत राहायचं आणि गुपचूप छाती मोजायची. म्हणजे मोजणारी आणि न मोजणारी दोघी अगदी सारख्याच दिसतात. आमचं फावलं. तक्त्यावर वरपासून खालपर्यंत वीस, वीस, वीस. गायकवाड मॅडम फेरीला यायच्या आणि त्या वीसच्या रांगेखाली सही करून जायच्या. त्यांच्या लक्षात आलं नसेल असं मला तेव्हाही वाटत नव्हतं.

दुसऱ्या वर्षाच्या थंडीत मांजी जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पडल्या. मांडीचं हाड मोडलं. शेटजींनी त्यांना आमच्या शाळेला जोडलेल्या ट्रस्टच्याच दवाखान्यात आणलं, कारण वरच्या मजल्यावरच्या चौदा पोरी तिथं होत्या. पाय ताणून, दोरीला वजन लावून त्यांना पाठीवर झोपवलं. सहा आठवडे तसंच, असं डॉक्टरांनी सांगितलं. माझी ड्यूटी त्याच वॉर्डात होती आणि मला वर्षाच्या मोठ्या केअर प्लॅनसाठी पेशंट हवा होता. मी मांजींना घेतलं. इतर मुलींना आपापल्या पेशंटला घरदार विचारावं लागे. मला मांजींचं सगळं आधीच माहीत होतं. मी लिहिलं: पेशंट जैन, सूर्यास्तापूर्वी जेवते, म्हणून जेवणाची वेळ बदलण्याची व्यवस्था केली. ती मी खरोखर केली होती. वॉर्डाचं जेवण सातला यायचं. मी भाभीला साडेपाचला डबा घेऊन यायला सांगितलं आणि गेटवरच्या वॉचमनला भेटायच्या वेळेबाहेर तिला सोडायला लावलं. मॅडमनी ते वाचून समासात लाल शाईनं 'उत्तम' लिहिलं. मी ते पान कितीदा तरी उघडून पाहिलं. मला खूप आनंद झाला होता, हे खोटं कशाला बोलू.

नववा की दहावा दिवस. संध्याकाळची फेरी. भाभीनं मुगाची खिचडी आणली होती, मांजींनी दोन घास खाऊन डबा सरकवला होता. तापमान निन्याण्णव आलं. म्हातारं माणूस, अंगावर दोन कांबळी, मला काही विशेष वाटलं नाही. मी मनगट धरलं, घड्याळाकडे पाहिलं, नाडी मोजली, आणि मनगट तसंच धरून ठेवलं. नजर घड्याळावरच होती. मनात वही होती. 'आवडीनिवडी' हा भाग रिकामा राहिला होता आणि दुसऱ्या दिवशी वही द्यायची होती. म्हणून मी विचारलं, "मांजी, तुम्हाला खायला काय आवडतं?" त्या म्हणाल्या, "बाजरी..." मग थोडं थांबून, "रोटी." "आणि करमणूक म्हणून काय आवडतं?" त्यांनी हात जरा हलवला. "माळ." मी विचारलं, झोप लागते का? त्यांनी नुसतीच मान हलवली. भाभी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर बसून हे बघत होती. मी तक्त्यावर वीस लिहिलं आणि टेबलाशी जाऊन वहीत लिहिलं: 'पेशंट शांत स्वभावाची, मितभाषी, प्रश्नांची थोडक्यात उत्तरे देते, सहकार्य करते.'

मितभाषी. मांजी. दीड वर्ष ज्यांचं बोलणं मी जमिनीतून ऐकत झोपत आणि उठत होते, त्यांच्याबद्दल मी हे लिहिलं. त्यांना दोन शब्दांच्या मध्ये श्वास घ्यावा लागत होता, आणि मी तो त्यांचा स्वभाव समजले. दवाखान्यात आलं की माणसं अशीच गप्प होतात, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं असेल. खरं तर मी त्यांच्याकडे पाहतच नव्हते. मी पेशंटकडे पाहत होते, पुस्तकात असतो त्या पेशंटकडे.

सकाळी मी ड्यूटीवर पोचले तेव्हा खाटेभोवती पडदा लावलेला होता, ऑक्सिजनची नळकांडी ओढून आणली होती. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, पडून पडून कफ साठलाय, वयच तेवढं होतं. नऊच्या सुमारास त्या गेल्या. संध्याकाळी कळलं असतं तर वाचल्या असत्या का? आज मला जे ठाऊक आहे त्यावरून सांगते: कदाचित. त्याहून जास्त मला सांगता येत नाही. मृतदेह तयार करायला सिस्टरनी मलाच सांगितलं, ओळखीची आहे म्हणून. मी पायाचं वजन सोडवलं, दोरी गुंडाळून ठेवली, डोळे मिटवले, हनुवटीला पट्टी बांधली, अंग पुसलं, सगळं पुस्तकातल्या क्रमानं. मी रडू यायची वाट पाहत होते. ते आलं नाही. भीती वाटत होती, आणि तिच्याशिवाय काहीच वाटत नव्हतं. संध्याकाळी होस्टेलवर आले, मागच्या नळावर पाय धुतले आणि वर गेले.

तिसऱ्या दिवशी उठावण्याला, म्हणजे त्यांच्यातल्या शोकबैठकीला, आम्ही चौदाजणी पांढरे युनिफॉर्म घालून खाली जाऊन बसलो. पुरुष बाहेर, बाया आत सतरंजीवर. भाभी माझ्याजवळ सरकली आणि पदराआडून हळूच बोलू लागली. "वत्सला, एक विचारू? त्या दिवशी शामच्या टायमाला मला वाटलं, मांजीची साँस लई जल्दी चालून राह्यली. मी सिस्टरला सांगाया उठूनच राह्यले होते. मंग पाह्यलं, तू हात धरून घडी बघून राह्यली. म्हटलं, ही तर मोजूनच राह्यली. शिकलेली पोरगी आहे, मी काय सांगू हिला. बसले परत." तिनं विचारलं, "बराबर होती ना साँस?" मी म्हणाले, "बराबर होती, भाभी." ती म्हणाली, "मंग मला उगीच दिसलं." तिनं डोळे पुसले आणि मला चहा आणायला उठली. मी तो चहा प्याले.

वहीचा शेवटचा रकाना, 'काय झालं', रिकामाच होता. पेशंट मेला तरी तो भरावा लागतो. मी दोन दिवस वही उघडून बसले आणि शेवटी लिहिलं की सायंकाळी सहा वाजता श्वासाची नोंद वीस अशी केली आहे, प्रत्यक्षात मी श्वास मोजला नव्हता, पेशंटला बोलताना धाप लागत होती हे माझ्या लक्षात आले नाही. वही मॅडमच्या टेबलावर ठेवली. त्यांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं. बराच वेळ त्या पान वाचत राहिल्या. मग म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात नर्सिंग कौन्सिलचं इन्स्पेक्शन आहे. शाळेची मान्यता त्यावर आहे. ही वही मी त्यांना नमुना म्हणून दाखवणार होते." त्या म्हणाल्या, "त्या तक्त्यावर माझी सही आहे, वत्सला." आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "हे पान बदल. पेशंटचा मृत्यू न्यूमोनियाने झाला, नातेवाइकांना धीर दिला, एवढं लिही. मान्यता गेली तर तुझ्यासकट चौदाजणी घरी जातील." मला दादा आठवले, भावकी आठवली. मी पान फाडलं, नवं चिकटवलं आणि चांगल्या अक्षरात लिहिलं. नातेवाइकांना धीर दिला. इन्स्पेक्शनला आलेल्या बाईंनी ती वही उभ्यानंच चाळली आणि मान डोलावली. मान्यता मिळाली. वर्गात पेढे वाटले गेले. मी कुणाला दोष देत नाही. पुढं मीही अशाच एका खोलीत, अशाच टेबलामागे बसले, आणि कशाकशाखाली सह्या केल्या ते मला माहीत आहे.

एवढ्यावर हे संपलं असतं. बहुतेक असंच संपतं. पण आम्ही त्यांच्या डोक्यावर राहत होतो. माझी दुपारची ड्यूटी असली की मी एक वाजेपर्यंत खोलीत असायचे, आणि शेटजी जेवायला घरी यायचे. मांजींचं बोलणं थांबल्यामुळं खालचं सगळं आता वर ऐकू येत होतं. ताट ठेवल्याचा आवाज, मग शेटजींचा. "तू वहाँ बैठी थी ना? सामने बैठी थी. आँखें थीं ना तेरी?" उत्तरादाखल फक्त लाटण्याचा आवाज यायचा. पुन्हा दुसऱ्या दिवशी, ताट, आणि तेच. शेटजी वाईट माणूस नव्हते. त्यांची आई गेली होती आणि त्यांना कुणाला तरी बोलायचं होतं. हे पंधरा दिवस चाललं. माझ्या शेजारच्या खाटेवरची शोभा कान देऊन ऐकायची आणि म्हणायची, "बिचारीचं रोजचंच झालं." मी वेणी घालत असायचे. हात थांबायचे नाहीत.

मला एकदम काही उमगलं, कुठल्या क्षणी मन पालटलं, असं काही सांगता आलं तर बरं झालं असतं. तसं झालं नाही. एका दुपारी वेणी घालून झाली, मी जिना उतरले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले. भाभी फुलके लाटत होती. मी म्हणाले, "भाभी, त्या संध्याकाळी मी श्वास मोजला नव्हता. नुसता हात धरला होता. तुम्हाला दिसलं ते खरं होतं." लाटणं थांबलं. तिनं विचारलं, "मंग कागदावर?" मी म्हणाले, "वीस लिहिलं. सगळ्यांचं वीसच लिहितो." तिनं तव्यावरचा फुलका उलटला, तो जळला होता, तो बाजूला ठेवला. मला वाटलं होतं, ती ओरडेल, किंवा रडेल, किंवा म्हणेल जाऊ दे. ती म्हणाली, "हे आता येतील. त्यांना सांग."

मी म्हणाले, मला ड्यूटीला जायचं आहे. ती म्हणाली, "जाशील. सांगून जा." शेटजींना सांगायचं म्हणजे काय, ते मला कळत होतं. ट्रस्टमधली सगळी मंडळी त्यांच्या ओळखीची होती. ते एक शब्द बोलले तर माझी ट्रंक एसटीच्या टपावर. मॅडमची सही, शाळा, वरच्या तेराजणी, सगळं त्या एका वाक्यात होतं. मी निघून जाऊ शकत होते. भाभीनं मला धरलं नव्हतं. ती फुलके लाटत होती.

शेटजी आले, हात धुतले, पाटावर बसले. मला पाहून जरा चकित झाले. मी उभ्यानंच सांगितलं. भाभीला जे सांगितलं तेच, त्याच शब्दांत, आणि वर एवढं की भाभी सिस्टरला सांगायला उठल्या होत्या, मला घड्याळ बघताना पाहून त्या परत बसल्या. माझा आवाज हलला नाही. मला वाटतं, हलला असता तर त्यांना बरं पडलं असतं. त्यांनी मान वर केली. मग विचारलं, "मोजायचं न्हवतं, तर लिहिलं कशाला?" भाभीनं त्यांच्यासमोर ताट ठेवलं, दोन फुलके, मुगाची डाळ, पापड. आणि म्हणाली, "अब बोलो."

ते बोलले नाहीत. भाभीकडे त्यांनी पाहिलंच नाही. ताटाला हात न लावता उठले, चपला घातल्या आणि दुकानाकडे निघून गेले. त्यांनी पुढंही कुणाकडे कधी तक्रार केली नाही. का नाही, ते मला कळलं नाही. मला हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला फक्त उशीर झाल्याचं कळत होतं.

मी वळले तेव्हा भाभी त्याच पाटावर बसली होती. मांजी असताना आणि मांजी गेल्यावरही, त्या घरात सगळ्यांचं आवरल्याशिवाय तिला कुणी जेवताना पाहिलं नव्हतं. तिनं शेटजींचं ताट स्वतःकडे ओढलं, फुलका मोडला आणि माझ्यादेखत जेवू लागली. सावकाश, प्रत्येक घास नीट चावून. मला तिनं जा म्हटलं नाही आणि बसही म्हटलं नाही. तिचं जेवण होईपर्यंत मी उंबऱ्याशी उभी राहिले.